उजवी पानं

रात्री दोनला जिन्याखाली कुणी दार ठोठावतं.
धप्‌, धप्‌, धप्‌. थांबून पुन्हा धप्‌.
पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा खाली गेले,
दिवा लावून, अंगावर काही न घेता.
दारात कुणी नव्हतं.
स्कार्व होता, मागच्या पायाने कान खाजवत,
आणि त्याची टाच फळीवर आपटत होती.

स्कार्व म्हणजे पाणकावळा.
रंग पाहून एलर्टने नाव ठेवलं.
आता काखेत, पोटाखाली तो काळा उरला नाही;
कातडी उघडी, गुलाबी, तान्ह्याच्या हिरडीसारखी,
पंजे चाटून चाटून गंजलेले.

बोर्गहिल्ड म्हणाली, पिसवा.
दुकानातला माणूस म्हणाला, एकटा पडलाय.
मी काहीच म्हणाले नाही.
रोज सकाळी कॉडच्या यकृताचं तेल
चमचाभर ओतत राहिले त्याच्या वाडग्यात,
जसं एलर्ट ओतायचा,
जसं आई आम्हां पाचजणींच्या तोंडात, नाक दाबून.
या बेटांवर दुसरं औषध कुणाला ठाऊक नाही.

लेक्नेसची डॉक्टर, सुन्निव्हा, वयाने माझ्या नातीएवढी.
तिने कातडीवर चिकटपट्टी दाबली, उचलली,
भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.
"पिसवा नाहीत. खरूज नाही.
आठ आठवडे मासळी बंद. तेलसुद्धा."

मी खिडकीबाहेर पाहिलं.
वलांडीवर कॉड, शेपटीला शेपटी बांधून,
जोडीजोडीने, हजारोंनी,
रस्त्यापासून थेट चर्चच्या कुंपणापर्यंत.
"मासळी बंद," मी म्हटलं. "इथे?"
ती हसली नाही.
"रेनडिअरचं मांस आणि बटाटा. तिसरं काही नाही.
अंथरूण साठ अंशांवर धुवा.
आणि रोज रात्री खाजेचा आकडा लिहा, शून्य ते दहा."

घरात वही एकच, एलर्टची.
डाव्या पानांवर त्याचं तिरकं अक्षर:
वारा वायव्य. कॉड चारशे वीस किलो. दोर तुटला.
उजवी पानं कोरी सोडलेली, का ते विचारायचं राहिलं.
तिथे मी लिहू लागले:
खाज आठ. खाज आठ.
पंजे ओले आले, पुसले. खाज सात.

मंगळवारी आंघोळ. औषधी फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा.
दहा मिनिटं फार लांब असतात.
तो टबात उभा, चूक दुसऱ्याची असल्यासारखा,
आणि मी त्याला वाऱ्याचा अंदाज वाचून दाखवते.

पाचव्या आठवड्यात खाज तीन.
मग एका रात्री पुन्हा धप्‌.
खाज नऊ.

सकाळी ईव्हर दारात. वय नऊ.
धक्क्यावर कॉडच्या जिभा कापून किलोवर विकतो,
एप्रनवर खवले चमकत होते.
"एकच दिली," म्हणाला. "तो बघत होता."
मी रागवायला तोंड उघडलं.
पण तो बघतो तेव्हा काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
पुन्हा पहिला दिवस.

एक गोष्ट मी सुन्निव्हाला सांगितली नव्हती.
गोधड्या धुतल्या होत्या. स्वेटर नाही.
स्कार्व ज्यावर झोपतो तो, एलर्टचा:
मीठ, डांबर, मासळी,
आणि त्याच्याही खाली आणखी काही, नाक खुपसलं तरच.
त्या दिवशी यंत्रात टाकला.
स्टुलावर बसून गोल काचेतून बघत राहिले.
एक बाही काचेपाशी यायची, परत जायची.
निघाला तो लहान मुलाच्या मापाचा, फळीसारखा ताठ.
साबणाचा वास. बस.
स्कार्वनेही हुंगला, बराच वेळ,
माझ्याकडे पाहिलं,
आणि त्यावरच पसरला, अर्धा फरशीवर.

मे आला. वलांड्या रिकाम्या झाल्या.
बरं होणार नाही, आवरायचं असतं, सुन्निव्हा म्हणते;
बर्चला फुलोरा आला की पुन्हा वाढेल.
गोळी बटाट्यात दडवते. तो बटाटा खातो, गोळी थुंकतो.
ईव्हर आता कोपरापर्यंत साबण लावून मगच त्याला हात लावतो.

आजचं डावं पान: वारा पडला. लवकर घरी.
उजवं: खाज दोन.
दोनला जाग आली. कुणी ठोठावलं नाही.
तरी खाली जाऊन आले.